ढिला पट्टा

पोलंडहून एका माणसाचा ईमेल आलाय.
त्याच्याकडे आमची कॅसेट आहे.
विचारतो, कोल्ड स्टोरेज म्हणजे तुम्हीच ना,
मुंबई, एकोणनव्वद, चार गाणी, सतरा मिनिटं?
ड्रम्सवर कोण होतं?
त्या वर्षी इतक्या वेगात, लिहितो,
जगात फार तर तिघं वाजवत असतील.

सतरा?
मी पुन्हा बोटांवर मोजलं.
एकोणीस होती.

भाऊच्या धक्क्यामागे बर्फाचा कारखाना,
माझे वडील तिथे टाइमकीपर.
रात्री अकराला लाद्या फोडायचं यंत्र सुरू झालं
की आमचा आवाज कुणाला ऐकू जायचा नाही.
आम्हालाही नाही.
अमोनियाचा वास, पायाखाली भिजलेलं भाताचं तूस,
आणि शॉक नको म्हणून सगळ्या वायरी
वर टांगलेल्या, बोंबलांसारख्या.

नौशीरने लॅमिंग्टन रोडवरून ट्रान्झिस्टर आणून
डिस्टॉर्शन बांधलं ॲल्युमिनियमच्या साबणदाणीत.
हट्टंगडी गायचा. गायचा म्हणजे
पुढे डॉक्टरांनी त्याला गाठी दाखवल्या, घशातल्या.
आणि बावतीस तुस्कानो, नंदाखालचा,
केळीचे घड उतरवून तयार झालेले हात,
एकच बेस ड्रम, त्याचं पेडल
शिवणयंत्राच्या पायट्याचं.
मी मधला. दुसरी गिटार.
फोटोत अर्धा.

करंज्याचा एक तांडेल
बर्फाची पाळी येईपर्यंत दारात बसून ऐकायचा.
एकदा म्हणाला, बरा हाय रं पोरांनो.
पन येवरी घाई कसली?

कार्यक्रम दोन.
एक आठवावा असा नाही.
दुसरा कॉलेजात. तिसऱ्या गाण्याला
प्राचार्यांनी स्वतः येऊन मेन स्विच खाली ओढला.
आम्ही तिघं उभे, हातात लाकूड.
बावतीस आणखी दीड मिनिट वाजवत राहिला,
ड्रमला वीज लागत नाही.

रेकॉर्डिंग ताडदेवला,
आरत्यांचं काम संपल्यावर, रात्री दोन ते पाच,
रेकॉर्डिस्ट कानात कापूस घालून.
मग बावतीस मस्कतला गेला.
भांडण झालं नाही,
झालं असतं तर इतिहास सांगायला बरं पडलं असतं.

दोनशे कॉप्या मीच काढल्या, घरी, डबल डेकवर.
दुसऱ्या खणाचा पट्टा ढिला होता.
रेकॉर्ड करताना फीत रेंगाळायची,
म्हणून दुसरीकडे कुठेही लावली की धावते,
हट्टंगडीचा आवाज चिमटीत धरल्यासारखा,
आणि बावतीस
माणसाच्या आवाक्याबाहेर.
दोन रुपयांचा रबरी पट्टा.
आळस माझा, की मी तो बदलला नाही.
सत्तेचाळीस विकल्या. बाकीच्यांवर
नौशीरच्या बहिणीने होमिओपॅथीची लेक्चरं भरली.
त्यातली एक ग्दान्स्कला कशी पोचली
हे त्या माणसालाही ठाऊक नाही.

काय कळवू त्याला?
की तिघांत आमचा नंबर नाही,
मोटारीचा आहे?

परवा नंदाखालला गेलो.
बावतीसच्या दोन्ही गुडघ्यांना पट्टे,
ओट्यावर ऊन खात बसलेला.
पोलंडहून आलेली फाइल फोनवर लावली,
काय आहे ते सांगितलं नाही.
त्याने बोटांनी पाटावर धरायला बघितलं,
चार ठोक्यांत सुटला, हसला, पुन्हा धरलं, पुन्हा सुटला.
मग हात मांडीवर ठेवून
शेवटपर्यंत ऐकत राहिला, मान खाली.

पोरगा चांगला आहे, म्हणाला.
कुठला रे?

वसईचाच, म्हटलं.