माप

म्हापशाच्या दुकानदाराने तीन पेट्या काउंटरवर मांडल्या
आणि बोलला फक्त सुलक्षाशी.
मी तिचा बाप, मागे उभा,
हातात लायसन्सच्या कागदांची पिशवी.

पहिली कापडी. खांद्याला पट्टा, वजन नाही, भाव बरा.
बसमध्ये लोकांना वाटेल व्हायोलिन आहे,
फार तर मासे धरायचा गळ.
सुलक्षाने ती मधोमध अंगठ्याने दाबली. दबली.
मागची साइट एका धक्क्यात केसभर सरकते म्हणाली,
आणि पन्नास मीटरवर केसभर म्हणजे
घरी परत.

दुसरी अल्युमिनियमची, लग्नातल्या ताटासारखी लखलखीत.
मी नखाने कोपरा खरवडला.
एकतीस वर्षं चोडणच्या फेरीबोटीवर काढलीत,
रॅम्प वर, रॅम्प खाली.
मांडवीचं पाणी लोखंडाशी काय बोलतं
ते मला तोंडपाठ आहे:
आधी बिजागरीशी बोलतं, मग रिव्हेटशी,
मालकाच्या कानावर येतं सगळ्यात शेवटी.

तिसरी काळी, जाड प्लास्टिकची.
झाकणाच्या कडेने रबर, चार खटके,
दोन कुलपांची भोकं, चाकं.
किंमत ऐकून मी पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली.
‘पाण्याचा थेंब आत जाणार नाही.’
आणि आत असलेली ओल बाहेर कशी जाणार?
दुकानदार पहिल्यांदाच माझ्याकडे वळला.

तीच घेतली.

रात्री स्वयंपाकघरात जमिनीवर
चार वर्तमानपत्रं चिकटवून त्यांवर रायफल आडवी ठेवली.
सुलक्षाने बोल्ट काढून आधी मला दाखवला,
मग चेंबर, रिकामं. मी न विचारता.
पेन्सिल फिरवताना माझा हात
नळीजवळ सरळ गेला, दस्त्याजवळ अडखळला;
दस्ता तिच्या गालाच्या मापाने घासलेला आहे,
ते माप मला माहीत नव्हतं.

फोम मासे कापायच्या सुरीने कापला.
बांगड्याचा वास जाईना म्हणून ही दोन दिवस बोलली नाही.

‘पेटी फक्त वाटेसाठी, बाबा,’ सुलक्षा म्हणाली,
‘घरी आल्यावर तिला त्यात निजवायचं नाही.
फोम घाम धरून ठेवतो.’
म्हणून ती कपाटात उभी, कुलुपात,
तेलाचा पातळ हात फिरवून,
पायाशी सिलिका जेलच्या पुड्या.
पेटी पलंगाखाली उघडी.
रायफलीच्या आकाराच्या खड्ड्यात
मांजर आडवं मावत नाही, तरी झोपतं.

काल पहाटे ती पुण्याला गेली.
फेरीवर विन्सेंतने पेटी उचलून बघितली,
किती जड रे, काय सोनं?
मी म्हटलं, कागद आहेत सगळे.
त्याला वाटलं मी पेटीबद्दल बोलतोय.
तिने चाकांवरून पेटी रॅम्पवर उतरवली,
खडखडाट रायबंदरभर.
उतारावर मी हात पुढे केला होता.
तिने दुसरी बॅग दिली, डब्याची.

घरी आलो तर अंगणात ऊन आलेलं.
हिने ती जोडलेली वर्तमानपत्रं पसरून
कोपऱ्यांवर दगड ठेवलेले,
आणि दस्त्यापासून नळीच्या टोकापर्यंत,
पेन्सिलीच्या रेषेच्या आत-बाहेर न बघता,
कोकमाची सोलं वाळत घातलेली.
कागदाला लाल डाग पडू लागले होते.
मी एक उचलून तोंडात टाकलं.
अजून ओलं होतं.