खालचं बटण

लोक पत्रिका वाचतात, मी कपडे वाचतो.
रामबागेत याच इस्त्रीपाशी
बत्तीस वर्षं उभा आहे.
एका आठवड्यात चार पैठण्या आल्या, की मुंज.
पांढरे सदरे कोणी घाईनं टाकून गेलं
आणि दर विचारला नाही,
तर आपणही काही विचारायचं नसतं.

डिसेंबर काळ्या कोटांचा.
कोट आला की आधी खिसे तपासायचे:
बडीशेप, पार्किंगची चिठ्ठी, शेवेचा चुरा.
केवढाही साहेब असो,
इंदूरच्या खिशात शेव निघतेच.

आता कपड्यांच्या आधी शब्द येतात.
पिंपळखऱ्यांच्या सुनेनं मोबाइल पुढे धरला,
'काका, स्मार्ट कॅज्युअल म्हणजे काय हो?'
म्हटलं, खूप विचार करून नेसायचं
आणि विचारच केला नाही असं दाखवायचं.
ती हसली, जांभळी माहेश्वरी घेऊन गेली.
बाकी सगळ्या जीन्समध्ये होत्या म्हणे,
पण येता-जाता पदराला हात लावून बघत होत्या.

मग हेरंब आला. डबेवाल्या कुमुदताईंचा.
नोकरीला तीन महिने, विजयनगरच्या हॉटेलात
कंपनीचं जेवण, आणि खाली छापलेलं:
बिझनेस फॉर्मल.
त्याच्याकडे शाळेच्या निरोप समारंभाचा ब्लेझर,
बाही मनगटाच्या चार बोटं वर.
'भिया, चालेल ना?'
मी काही बोललो नाही. वर बघितलं.

वर खासगीवाले साहेबांचा कोट होता,
राखाडी, तयार होऊन आठ दिवस झालेला.
वडील सांगायचे, कपडा आपल्याकडे पाहुणा असतो,
त्याला कामाला लावायचं नाही.
मी आकडी घेतली आणि कोट खाली काढला.

सगळं सांगितलं त्याला.
पट्टा बुटाच्या रंगाचा,
टायचं टोक बकलापर्यंत, पुढे नाही,
बसलं तरी पोटरी दिसणार नाही एवढा मोजा.
हे मला कुणी शिकवलं नाही.
पट्ट्याच्या वळ्या, टायच्या गाठीचे व्रण,
तीस वर्षं हेच तर पुसतोय.
एक तेवढं सांगायचं राहिलं.

पुढचं त्यानंच येऊन सांगितलं.
सूपच्या टेबलापाशी समोर खासगीवाले उभे,
कंपनीचे जुने हिशेबनीस.
त्यांनी डाव्या कॉलरकडे बघितलं.
तिथे सिगारेटचं भोक होतं, रफू माझाच,
माझ्या आणि त्यांच्याशिवाय कुणाला दिसत नाही.
त्यांचा हात पुढे आला.
हेरंबला वाटलं, इथेच उतरवायला लावणार.
त्यांनी खालचं बटण सोडलं.
'हे नेहमी उघडं ठेवायचं,' म्हणाले,
आणि पनीरकडे वळले.

पोरगं त्या आनंदात
रात्री बाराला सराफ्यात गेलं,
कोट घालूनच.

सोमवारी साहेब आले.
मी कोट पुन्हा धुतला नव्हता, वेळच कुठे होता,
वाफ तेवढी दिली होती.
जिभेवर चार वाक्यं तयार ठेवली होती,
त्यातलं एकही पहिलं होईना.
त्यांनी पैसे मोजून दिले.
कोट तिथेच अंगात घातला.
बाहेर वारं होतं.
सगळी बटणं लावली,
खालचंही.

मग खिशात हात घातला,
चिमूटभर पिवळा चुरा तळहातावर घेतला,
माझ्याकडे बघितलं.
'खिसे तपासले नाहीत वाटतं या वेळी.'

मी खाली मान घालून
कुणाच्या तरी सदऱ्यावर इस्त्री फिरवत राहिलो.
ते गेल्यावर कळलं,
ती तापलेलीच नव्हती.