जास्तीचा एक तास

रेन शहरात मी बस चालवते. सतरा वर्षं.
ब्रेक दाबला की ती उभी राहते,
आणि काल जिथे थांबा होता तिथेच तो आजही असतो.

इथे, त्र्यू नदीच्या मुखाशी,
सोआझिगनं पहिल्याच सकाळी सांगितलं :
ब्रेक नाही. रस्ता आहे, पण तो पाण्याचा,
आणि दिवसातून दोनदा तो घर सोडून जातो.

पाच दिवसांचा अभ्यासक्रम. बोटीचं नाव मारी-एस्तेल.
साडेनऊ मीटर लांब, पाण्याखाली दीड मीटर अंग.
तांगी, ज्याला सगळं येतंच.
एन्नोगा, नर्स, जी ओकते आणि तरी हातातली गाठ सोडत नाही.
निवृत्त नोटरी कोरांतँ, जो शिडाचीही माफी मागतो.
आणि मी.
बोटीवर प्रत्येक दोराला नाव आहे;
'दोर' नावाचा मात्र कुणीच नाही.

वारा येईल तशी पाठ द्यावी, असं म्हणणाऱ्यानं
पाठीवरच्या वाऱ्यात सपकन फिरणारा आडवा वासा
पाहिलेला नसावा.
कोरांतँची टोपी अजून तरंगत असेल कुठेतरी.

मला वाटायचं, कप्तान म्हणजे आवाज.
दोन दिवसांत माझा घसा बसला,
शीड फडफडतच राहिलं.

तिसऱ्या दिवशी सोआझिग म्हणाली, आता बोट तुझी,
आणि खाली जाऊन बटाटे सोलायला बसली.

गणित मी आदल्या रात्रीच मांडलं होतं.
भरतीची वेळ, त्यात उन्हाळ्याचा एक तास मिळवायचा.
तो छापणाऱ्यांनी आधीच मिळवला होता.
एवढंच. एकच तास, दोनदा.

अकरा वाजता मी धरून चालले होते, ओहोटीचा दुसरा तास संपला.
संपला होता तिसरा.
आणि उधाणाच्या दिवसांत, तिसऱ्या तासात
सुकती चालत नाही, पळते.

धक्का बसला नाही.
कुणी हात दाखवावा आणि बस आपणहून थांबावी, तसं झालं.
"मी म्हटलं होतं," तांगी म्हणाला. त्यानं म्हटलं नव्हतं.
खाली सुरीचा आवाज थांबला.
मग पुन्हा सुरू झाला.

शिडं उतरवा, मी म्हणाले. नांगर खोल बाजूला टाका.
सगळे इकडे या, उंचवट्याच्या अंगाला, तिला इकडेच कलू दे.
बसलेल्या घशातून जेवढं निघालं तेवढंच.
सगळ्यांनी ऐकलं. तांगीनंसुद्धा.

पाणी गेलं.
कपातली कॉफी तिरपी, क्षितिज तिरपं,
आणि एन्नोगाला तीन दिवसांत पहिल्यांदा भूक लागली.

मग समुद्राच्या तळावरून एक म्हातारा चालत आला.
गुडघ्यापर्यंत बूट, हातात बादली.
फांच त्याचं नाव, कालवांची शेती त्याची.
त्यानं बोटीच्या पोटावर दोनदा टकटक केलं.
"माझ्या वावरात बोट कुणी पेरली?"
तांगीचं बोट माझ्याकडे.

मी शिडीवरून उतरले. घोट्यापर्यंत चिखल,
थंड, आणि वासाला लोखंडासारखा.
माफी मागणार होते, पण तो वाकून
बोटीचा तळ बघत होता, दाढेचा डॉक्टर बघतो तसा.
"साडेपाचला उगवेल," म्हणाला.
डझनभर कालवं ठेवून गेला. पैसे घेतले नाहीत.
लिंबू नव्हतं. आम्ही तशीच खाल्ली,
उकडलेल्या बटाट्यांबरोबर.

"तुला सकाळीच कळलं होतं ना?" मी सोआझिगला विचारलं.
ती मीठ शोधत होती.

पाणी परतलं ते आधी मुंगीएवढं,
मग एकाएकी सगळीकडे.
मारी-एस्तेलनं उचकी दिली आणि सरळ झाली.

नोंदवहीत पहिला रकाना : वेळ.
मी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. पेन उघडलं.
मग कोरांतँला विचारलं,
"तुझ्यात किती वाजलेत?"