वाक्यात उपयोग करा

प्रश्न चौथा, गुण आठ.
पाणी सोडणे, पाण्यात पाहणे, पाणी मुरणे, बांध फुटणे.
निवडताना माझ्या ध्यानातही आलं नाही
की शाळेमागे पन्नास पावलांवर
चोडणचं खाजन आहे.

एकतीस पेपरांत एकच सुमन,
गाइडातली.
आईला पाहताच तिच्या दुःखाचा बांध फुटतो.
एकतीस वेळा रडली बिचारी,
एकतीस वेळा मी दोन गुण दिले.

बत्तिसावा पेपर सुलक्षा पागीचा:

ओहोटी लागली की पप्पा मानशीचं दार उचलून पाणी सोडतात.
रात्री बॅटरी घेऊन ते पाण्यात पाहतात, चोणक दिसतो का.
बांधात पाणी मुरतं तिथे आधी कुर्लीचं बीळ असतं.
यंदा आमचा बांध फुटला. मानस मोडली. कोरगूट गेलं.

शून्य. शून्य. शून्य. शून्य.
समासात लिहिलं: शब्दशः अर्थ घेऊ नये.
'मानस मोडली' खोडून
वर सुधारून दिलं, 'मन मोडले'.
लिंगही चुकलं होतं म्हणून
खाली आणखी एक रेघ.

शनिवारी रायबंदरच्या फेरीबोटीत
तिचा बाप भेटला. खांद्यावर जाळं, कोरडं.
"शेत काय म्हणतं?" मी विचारलं,
विचारायचं म्हणून.
"पाणी सोडलं, मास्तर."
आणि मांडवीकडे पाहत राहिला.

कुठलं?
हात झटकून, की दार उचलून?

तीस वर्षं फळ्यावर लिहीत आलो,
वाच्यार्थाला बाध आला
की मगच लक्ष्यार्थाकडे वळावं.
इथे कशालाच बाध येत नव्हता.
दोन्ही अर्थ त्याच दारातून आत आले होते,
खारे,
आणि तो म्हणाला, तीन वर्षं तरी
त्या जमिनीत काही रुजणार नाही.
मी मान हलवली.
हे त्यानं कशाबद्दल सांगितलं
तेही विचारलं नाही.

घरी येऊन ब्लेडनं
'मन मोडले' खरवडून काढलं.
गुणांचं अजून ठरत नाही.
कागद तिथे पातळ झालाय,
दिव्यासमोर धरला की
मागच्या पानावरचं तिचं अक्षर
उलटं दिसतं,
कुठूनतरी पाणी मुरत असल्यासारखं.