बत्तीस अक्षरं

मे महिना, महाल, दुपारचे तीन.
कूलरचा पंप पाणी ओढतो, अडतो, पुन्हा ओढतो.
टेबलावर नव्याण्णव सालचं मशीन
जुन्या दातांसारखं पिवळं पडलेलं.
त्याची इंटरनेटची तार मी सकाळीच उपटून
माझ्या पर्समध्ये टाकली आहे,
चुकूनही कुणी लावायला नको.

टेंभुर्णे काका समोर बसलेत, डोक्याला दुपट्टा.
चौतीस वर्षं त्यांनी प्रेसमध्ये प्रूफं वाचली.
प्रेस गेली. विणकर सोसायटीची स्मरणिका
या मशीनच्या पोटात राहिली, अशा अक्षरांत
जी आता एकच प्रोग्रॅम ओळखतो,
आणि त्याची सीडी खिडकीतल्या उन्हानं वाकडी केली.

प्रोग्रॅम मिळतो तसा. फुकट मिळतो.
कुणीतरी, कधीतरी, चढवून ठेवलेला.
नाव बरोबर, आकार जवळपास बरोबर,
अँटीव्हायरस म्हणतो काही सापडलं नाही.
"मंग थांबली काहून वं?"
मी म्हणते, काका, तुम्हाला प्रूफात चूक दिसली नाही
म्हणजे पानात चूक नव्हतीच का?
ते हसतात. तंबाखूची डबी उघडून परत बंद करतात.

मग पिशवीतून वही निघते.
शेवटचं पान, हिरवी शाई, दोन हजार चारची तारीख.
कंपनीच्या माणसानं फोनवर सांगितलेली बत्तीस अक्षरं.
कशाची, ते यांनी विचारलं नाही.
सांगितली तशी उतरवली, मग उलट वाचून दाखवली.
सवय.

बी, डी, ई फोनवर सारखेच ऐकू येतात,
म्हणून काकांनी तेव्हाच जागा वाटून दिल्या:
ए म्हणजे अजनी, बी बर्डी,
सी छावणी, डी धंतोली,
ई एम्प्रेस मिल, एफ फुटाळा.
फुटाळ्याच्या पुढे हा हिशोब जात नाही.
मिल पाडून तिथं मॉल झाला,
वहीत मात्र अजून भोंगा वाजतो.

पहिली फाईल. मी तिचा ठसा काढते.
काका वाचतात, "अजनी."
पडद्यावर चार.
"नऊ."
पडद्यावर बर्डी.
स्टेशनच चुकलं, पुढे जायचं कशाला.
आत एक काना जरी कुणी सरकवला
तरी ठसा असा अख्खा फिरतो;
इथे काना होता की सबंध परिच्छेद
ते कळणार नाही.
मी फाईल पुसते. कळायला नकोच.

दुसरी, नाशिकच्या एका निवृत्त मास्तरांनी
स्वतःच्या सीडीवरून काढून पाठवलेली.
"अजनी." अजनी.
"नऊ." नऊ.
"छावणी, छावणी, सात."
लाईट जाते. यूपीएस किंचाळतो.
काका थांबत नाहीत. बोट ओळीवर,
आवाज सपाट, स्वल्पविराम वाचावा तसा:
"एम्प्रेस, शून्य, फुटाळा, दोन…"
मी पडद्यावर पेन टेकवून मागून चालते,
सारं नागपूर उलटसुलट, बिनभाड्याचं,
आणि बत्तिसावी
धंतोली.
धंतोली.

"जुळलं म्हणजे चांगली आहे ना?"
जुळलं म्हणजे तीच आहे, मी म्हणते.
कंपनीनं दिली होती ती. मध्ये कुणाचा हात नाही.
चांगली होती का, हे हा ठसा सांगत नाही.
काका वही मिटतात.
"आमचंही तेच होतं. माणूस खरं लिहून राहिला का खोटं,
ते आमच्या टेबलावर येत नव्हतं.
त्यानं लिहिलं तेच छापून राहिलं का, तेवढं पाहाचं."

सहाच्या सुमारास पान उघडलं.
करड्या पडद्यावर एकेक ओळ वरून खाली उतरली,
आधी नुसते चौकोन, मग मात्रा, मग माणसं:
निमजे, सोनकुसरे, धकाते, पौनीकर.
काकांनी चष्मा पुसला, तिसऱ्या ओळीत एक अनुस्वार कमी सापडला,
त्यांच्याच हातून सुटलेला.
बराच वेळ त्याच्याकडे पाहत होते.

निघताना दारात थांबून त्यांनी माझी पाटी वाचली.
"दुरूस्तीतला रू ऱ्हस्व पाहिजे."
अकरा वर्षं झाली ती रंगवून.