करडं मीठ

जोमाकाका बोटीवर ऑइलमन, इंजिनाच्या पोटात.
मार्सेयच्या एका दुकानात त्यानं अक्षरं जुळवली :
सेल. ग्रीस.
दोन्ही माल ओळखीचे. घेऊन टाकली तबकडी.
साल त्र्याहत्तर.

भांडुपला, रुळांच्या पूर्वेला, मिठागराच्या बांधाला चिकटून घर.
रेडिओग्रामचा एक पाय विटेचा.
त्यावर ती लागली तेव्हा बाबा विचारत राहिले,
गाणारा कधी येणार?
बाजू संपली. उलटी केली.
गाणारा आलाच नाही.

सनईसारखं काहीतरी, पण सनईला ताप भरलाय,
खाली गिटार, डीपीचा डबा गुणगुणावा तशी,
आणि विजेवरची पेटी, जिच्या सुरांना पाणी सुटायचं.
ड्रमवाला सात मोजत होता.
आठवा येतोय म्हणेपर्यंत पुन्हा पहिला.
नामीआत्या, लग्नात धवळे गाणारी,
पाखडतं सूप थांबवून म्हणाली,
“याची एक मात्रा कोनी चोरली रं?”

दुसरी तबकडी पंच्याहत्तरची.
कव्हरवर पांढरे ढीग, शिशाच्या रंगाचं आभाळ,
एक पाठमोरी बाई, हातात लांब दांडा.
बर्फ असणार, आमचं एकमत झालं.
काकाच्या पेटीतला पाना तिच्यावर घसरला होता;
चौथ्या तुकड्यात दर फेऱ्याला एक टिक.
ती टिक त्यांनीच वाजवलेली आहे
असं मी वीस वर्षं धरून चाललो.
(अजूनही, ती नसेल तर तुकडा लंगडा वाटेल.)

तिसरी सत्त्याहत्तरची. कव्हर त्यांचंच,
आत मात्र पोरांना आकडे शिकवणारी कोणी मास्तरीण :
आं, द्यू, त्र्वा.
सेत म्हणजे सात, एवढं फ्रेंच मला आलं.
बदलून आणायला काका पुन्हा त्या बंदरात गेला नाही,
नंतर कुठल्याच बंदरात गेला नाही.
मग मी बांधावर बसायचो, घड्याळ घेऊन.
पहिला तुकडा चार मिनिटं बारा सेकंद, असं छापलेलं होतं.
चार मिनिटं बारा सेकंद ऐकायचो.
खाजणातलं पाणी, तिवरांत बगळ्यांची भांडणं,
लांबून बाबांची फळी मीठ ओढताना.
सहा तुकडे होते. पाचवा फार छान जमायचा.

पुढे माझं दुकान झालं, प्लेअर-अँप्लिफायर दुरुस्तीचं.
एकदा दादरच्या कॉलनीतून पेरीन मिस आल्या,
तीस वर्षं शाळेत फ्रेंच शिकवून रिटायर,
प्लेअरचा पट्टा तुटलेला.
भिंतीवरच्या कव्हरकडे बघून म्हणाल्या,
“छेल्लो एस मुका असते, डिकरा.
सेल ग्री. करडं मीठ.
आणि हा बरफ नाय. हा मिठागर.”
मागची बारीक छपाई भिंगातून वाचली :
चौघं जण, एकाच किनाऱ्यावरचे,
पाचशे प्रती, स्वतःच्या खिशातून.
पुढे काय लिहिलंय, मी विचारलं.
“पुढे कुछ नी. पट्टाना केटला?”

पैसे घ्यायचे राहिलेच.

बाबांचं मिठागर तोवर बंद होऊन सहा वर्षं झाली होती,
आगरात तण, बांध फुटलेले,
फळी मोरीच्या दाराला अडसर म्हणून.
त्यांच्या मांडीवर मी दुसरं कव्हर ठेवलं.
चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला.
“ढीग बुटके घालतात.
पानी ह्या अंगानं घेतलंय, चुकलंय.
आन् बाई दांडा लई वर धरते, खांदा जाईल तिचा.”
बराच वेळ बोटानं बांध मोजत राहिले,
कुठून कुठवर, किती कोंड्या.

मग म्हणाले, लाव.

मी लावली. टिक आली, गेली, आली.
बाजू संपेपर्यंत बसून होते, एका जागी.
गाणाऱ्याचं काही विचारलं नाही.