इस्त्रीतला अभ्रक

प्रॅक्टिकलच्या आदल्या संध्याकाळी
फैजपूरच्या कॉलेजात, फिजिक्सच्या अंधारखोलीत
पाव-तरंग पट्टी फरशीवर पडून फुटली.
माझ्याच हातून.

सुभान तडवी, आमचे लॅब अटेंडंट,
काही बोलले नाहीत.
सायकलवर टांग टाकून घरी गेले
आणि जुनी इस्त्री घेऊन आले.
तिच्या पोटातला अभ्रक काढला,
तारेने भाजलेल्या कडा छाटल्या,
मग पाण्याच्या थेंबात, दाढीच्या पात्याने
पापुद्रे सोडवत बसले,
केळीच्या खांबाची सोपटं काढावीत तसे.

जाड आला, बाजूला. पातळ आला, बाजूला.
हवा होता केसाच्या निम्म्या जाडीचा,
आणि मोजायला फक्त सोडियमचा पिवळा दिवा
अन् एकमेकांना आडवे लावलेले दोन पोलरॉइड,
ज्यांच्यापलीकडे काळोख.

पापुद्रा मध्ये धरून त्यांनी तिरपा केला
तर काळोखातून उजेड वर आला.
मी दचकलो.
दिवा वाढवला नव्हता, काही उघडलं नव्हतं,
एक पारदर्शक तुकडा फक्त मध्ये आला होता.

"कुठून आला?"
"कुठून येईन? पहिल्यातून निघालेलाच हाय.
पाह्य, इथं शिरला की त्याचे दोन व्हतात.
एक भरभर जातो, एक रेंगाळतो.
बाहेर येतात तव्हा पाव लाटेचं अंतर पडलेलं.
मग दोघांना मिळून सरळ हलता येत नाही.
गोल फिरतात."

अठराव्या पापुद्र्याला
वरचा पोलरॉइड पूर्ण फिरवला तरी
उजेड वाढेना, कमी होईना.
सावद्याच्या रस्त्याने केळीचे ट्रक जात होते.
सुभानभाऊंनी डोळे चोळले
आणि कडांना चिकटपट्टी लावली.

सकाळी जळगावचे परीक्षक खुर्ची ओढून बसले.
मी वाचत गेलो: शून्य अंशाला एवढं,
तीसला एवढंच, नव्वदला एवढंच.
"सगळीकडे सारखंच? बिघडलंय का काही?"
"नाही सर. बिघडलं असतं तर बदललं असतं."

त्यांनी पट्टी बोटांत धरून उलटसुलट पाहिली.
"ही कुठल्या कंपनीची?"

"घरची," दारातून सुभानभाऊ म्हणाले.
अंगातला सदरा चुरगळलेला,
बाह्यांपासून कॉलरपर्यंत.